विद्यार्थ्यांचे हवामान आंदोलन

हवामानबदलाला आळा घालण्यासाठी शासनसंस्था, उद्योगसंस्था व शिक्षणसंस्था यांच्यावर दडपण आणण्याच्या हेतूने शालेय आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी चालविलेले आंतरराष्ट्रीय स्वरूपाचे आंदोलन. दगडी कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायू या जीवाश्म इंधनांचा वापर त्वरेने कमी करावा. त्याचा भार ज्या देशांनी व वर्गांनी आजवर अधिक प्रदूषण केले त्यांनी अधिक उचलावा. आणि पुढील पिढ्यांच्या हक्कांना कायद्यात स्थान मिळावे, या त्याच्या प्रमुख मागण्या होत. या आंदोलनास एक संघटना, एक नेतृत्व वा एक जाहीरनामा नाही. विद्यापीठांतील निर्गुंतवणूक मोहीम, शाळेवर बहिष्कार टाकण्याची शालेय संपाची चळवळ आणि न्यायालयांतील दावे असे त्याचे तीन मुख्य प्रवाह असून, सामान्यतः २०११ नंतर ते क्रमाने पुढे आलेले दिसतात. मतदानाचा हक्क नसलेल्या वयोगटाने जागतिक धोरणाच्या प्रश्नावर राजकीय कृती केली, हे या आंदोलनाचे वैशिष्ट्य मानले जाते.

पार्श्वभूमी : वातावरणातील कार्बन डाय-ऑक्साइडाचे सलग व अचूक मापन हवाई बेटांवरील मौना लोआ येथील वेधशाळेत १९५८ मध्ये सुरू झाले. त्या वेळी या वायूचे प्रमाण दर दशलक्ष भागांत सु. ३१५ होते, औद्योगिक क्रांतीपूर्वी ते सु. २८० असावे. २०२४ मध्ये त्याची वार्षिक सरासरी ४२० च्या पुढे गेली. या वाढीचा तापमानाशी असलेला संबंध तपासून त्याचा अहवाल देण्यासाठी १९८८ मध्ये हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळ स्थापन झाले. रीओ दे जानेरो येथील १९९२ च्या वसुंधरा परिषदेत हवामानबदलविषयक आराखडा-करार स्वाक्षऱ्यांसाठी खुला झाला. त्यात ‘समान परंतु भिन्न जबाबदाऱ्या’ हे तत्त्व मान्य करण्यात आले. क्योटो (१९९७), कोपनहेगन (२००९) आणि पॅरिस (२०१५) येथील परिषदांतून वाटाघाटी पुढे सरकल्या. पॅरिस करारान्वये तापमानवाढ औद्योगिकपूर्व पातळीच्या २° से. च्या बरीच खाली ठेवण्याचे व ती १·५° से. पर्यंत रोखण्याचा प्रयत्न करण्याचे उद्दिष्ट ठरले. तथापि उत्सर्जन किती घटवावयाचे, हे प्रत्येक राष्ट्राने स्वतः ठरवावयाचे होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये वरील मंडळाने प्रसिद्ध केलेल्या विशेष अहवालात असे दाखवून देण्यात आले की, १·५° से. ची मर्यादा पाळावयाची, तर २०१० च्या तुलनेत कार्बन डाय-ऑक्साइडाचे उत्सर्जन २०३० पर्यंत सु. ४५ टक्क्यांनी घटले पाहिजे आणि २०५० च्या सुमारास ते निव्वळ शून्यावर आले पाहिजे. अहवालातील ही कालमर्यादा म्हणजे त्या वेळी शाळेत असणाऱ्या मुलांच्या तरुणपणाचा काळ होता. त्यामुळे शास्त्रीय आकड्यांना पिढीच्या प्रश्नाचे रूप प्राप्त झाले.

उत्सर्जनाच्या जबाबदारीचा प्रश्न त्याआधीच उपस्थित झाला होता. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्रातील अनिल अग्रवाल व सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत, सर्व देशांचे उत्सर्जन सरसकट एका मापाने मोजण्याच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. भातशेतीतून व गुराढोरांपासून निर्माण होणारा मिथेन हा निर्वाहासाठी होणाऱ्या उत्सर्जनाचा भाग आहे; श्रीमंत देशांतील मोटारगाड्यांचा धूर हे चैनीचे उत्सर्जन आहे; दोन्ही एका पारड्यात तोलणे अन्यायाचे होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. वातावरण ही सर्व मानवांची समाईक मालमत्ता असल्याने तिच्यावर प्रत्येक व्यक्तीचा सारखा हक्क आहे, हा विचार पुढे ‘हवामान-न्याय’ या संकल्पनेचा पाया ठरला. औद्योगिक युगाच्या प्रारंभापासून जीवाश्म इंधनांमुळे झालेल्या एकूण कार्बन डाय-ऑक्साइड उत्सर्जनापैकी सु. एक-चतुर्थांश वाटा एकट्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा आहे. जगाच्या लोकसंख्येचा सहावा हिस्सा सामावणाऱ्या भारताचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास आहे. २००२ मध्ये बाली येथे विविध देशांतील संघटनांनी हवामान-न्यायाची तत्त्वे मांडली व त्याच वर्षी दिल्लीत भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या वेळी मच्छीमार, शेतकरी व आदिवासी यांच्या प्रतिनिधींनी स्वतंत्र मेळावा घेऊन त्यांचा पुरस्कार केला.

पूर्वपरंपरा : विद्यार्थ्यांनी शाळेबाहेर पडून राजकीय निषेध करण्याची प्रथा नवीन नाही. बंगालच्या फाळणीविरुद्धच्या स्वदेशी चळवळीत (१९०५) विद्यार्थ्यांचा सहभाग इतका मोठा होता की, त्यांना आवर न घालणाऱ्या शाळांचे अनुदान बंद करण्याची धमकी देणारे कार्लाइल परिपत्रक सरकारला काढावे लागले. १९२० च्या असहकार चळवळीत सरकारी शाळा-महाविद्यालयांवरील बहिष्कार हा कार्यक्रमाचा एक भागच होता. त्यातून अहमदाबादचे गुजरात विद्यापीठ (१९२०), पुण्याचे टिळक महाराष्ट्र विद्यापीठ (१९२१) यांसारख्या राष्ट्रीय शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. अमेरिकेतील बर्मिंगहॅम येथे मे १९६३ मध्ये कृष्णवर्णीय शाळकरी मुलांनी वंशभेदाविरुद्ध मोर्चे काढले. दक्षिण आफ्रिकेत १६ जून १९७६ रोजी सोवेटोच्या विद्यार्थ्यांनी आफ्रिकान्स भाषेतून शिकण्याची सक्ती झुगारली व त्यांच्यावर पोलिसांनी गोळीबार केला.

हवामानासाठीचा शालेय संप या परंपरेत बसतो. परंतु एका महत्त्वाच्या बाबतीत तो तिच्याहून वेगळा आहे. असहकार चळवळीतील वा सोवेटोतील विद्यार्थ्यांचा आक्षेप खुद्द त्या शिक्षणावर होता; ती शाळा परकीय वा जुलमी सत्तेचे साधन आहे, अशी त्यांची धारणा होती. हवामान आंदोलनातील विद्यार्थ्यांनी शाळेतील ज्ञान नाकारले नाही. उलट, विज्ञानाच्या तासाला जे शिकविले जाते ते खरे मानून प्रौढांनी त्याप्रमाणे वागावे, अशी त्यांची मागणी होती. शाळेत जाणे हे भविष्याची तयारी करणे असेल, तर ते भविष्य सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी शाळेत पाठविणाऱ्यांवर येते, या युक्तिवादावर त्यांच्या संपाची उभारणी झालेली आहे.

निर्गुंतवणूक मोहीम : अमेरिकेतील खाजगी विद्यापीठांकडे देणग्यांतून जमा झालेले मोठे निधी असतात व ते विविध कंपन्यांच्या भागांत गुंतविलेले असतात. पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्वार्थमोर महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी २०११ मध्ये आपल्या संस्थेने कोळसा, तेल व वायू यांच्या कंपन्यांतील गुंतवणूक काढून घ्यावी, अशी मागणी केली. अ‍ॅपालॅचियन प्रदेशात कोळशासाठी डोंगरमाथे सुरुंगाने उडविले जातात. तेथील वस्त्यांची दुर्दशा पाहून या विद्यार्थ्यांनी मोहीम हाती घेतली होती. संस्थेच्या विश्वस्तांनी ही मागणी फेटाळली. परंतु मोहीम इतरत्र पसरली. मेन राज्यातील युनिटी महाविद्यालयाने २०१२ मध्ये ती मान्य केली. लेखक बिल मॅकिबेन व त्यांच्या विद्यार्थ्यांनी स्थापन केलेल्या संघटनेने या मोहिमेला देशव्यापी रूप दिले. ग्लासगो विद्यापीठ (२०१४) हे तिला प्रतिसाद देणारे यूरोपातील पहिले विद्यापीठ होय. ऑक्सफर्ड व केंब्रिज यांनी २०२० मध्ये, तर ४० अब्ज डॉलरांहून अधिक निधी असलेल्या हार्व्हर्डने अनेक वर्षांच्या नकारानंतर सप्टेंबर २०२१ मध्ये या दिशेने निर्णय घेतले.

या मोहिमेचा आदर्श १९८० च्या दशकात वर्णविद्वेषी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध अमेरिकी विद्यापीठांत झालेल्या आंदोलनाचा होता. एका संस्थेने विकलेले भाग दुसरा कोणी विकत घेतो. त्यामुळे कंपनीच्या भांडवलात प्रत्यक्ष घट होत नाही, असा आक्षेप अर्थतज्ञांनी घेतला. आंदोलकांचे उत्तर असे होते की, प्रतिष्ठित विद्यापीठाने पाठ फिरविल्यास त्या उद्योगाची सामाजिक मान्यता ढळते व त्याच्या विरोधातील कायदे करणे सुलभ होते. खाणी आणि तेलविहिरी यांचे मूल्य त्यांतील सर्व इंधन जाळले जाईल या गृहीतावर ठरते; ते जाळावयाचे नसेल, तर ही गुंतवणूक बुडीत ठरेल, हा आर्थिक मुद्दाही त्यांनी मांडला.

शालेय संप : स्वीडनमध्ये २०१८ च्या उन्हाळ्यात तीव्र उष्णतेची लाट आली व अनेक ठिकाणी वणवे लागले. त्यानंतर २० ऑगस्ट रोजी ग्रेटा थुनबर्ग (जन्म २००३) ही पंधरा वर्षांची विद्यार्थिनी शाळेत न जाता ‘हवामानासाठी शालेय संप’ असा फलक घेऊन स्टॉकहोम येथील संसदेसमोर बसली. अमेरिकेतील पार्कलंड येथील शाळेत झालेल्या गोळीबारानंतर तेथील विद्यार्थ्यांनी शस्त्रनियंत्रणासाठी वर्गत्याग केला होता, त्यावरून तिला ही कल्पना सुचली. ९ सप्टेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत रोज व त्यानंतर दर शुक्रवारी तिने हा क्रम चालू ठेवला. त्यावरून या चळवळीस ‘भविष्यासाठी शुक्रवार’ या अर्थाचे इंग्रजी नाव मिळाले.

३० नोव्हेंबर २०१८ रोजी ऑस्ट्रेलियातील अनेक शहरांत हजारो विद्यार्थ्यांनी संप केला. त्याआधी पंतप्रधानांनी संसदेत, शाळांत अध्ययन अधिक व चळवळी कमी व्हाव्यात, असे मत व्यक्त केले होते. बेल्जियममध्ये जानेवारी २०१९ पासून दर गुरुवारी मोर्चे निघू लागले आणि २४ जानेवारीस ब्रुसेल्समध्ये सु. ३५ हजार विद्यार्थी जमले. या संपांमागे अन्य कोणाचा हात असल्याची माहिती आपणास गुप्तचर विभागाकडून मिळाली, असे विधान फ्लँडर्सच्या पर्यावरणमंत्र्यांनी केले. ते निराधार ठरल्यावर फेब्रुवारीत त्यांना राजीनामा द्यावा लागला. १५ मार्च २०१९ रोजी शंभरांहून अधिक देशांत दहा लाखांवर विद्यार्थी एकाच दिवशी शाळेबाहेर पडले. त्याच सुमारास जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड येथील २६ हजारांहून अधिक शास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या मागण्या शास्त्राधारित असल्याचे निवेदन प्रसिद्ध केले. २० ते २७ सप्टेंबर २०१९ या आठवड्यातील निदर्शनांत आयोजकांच्या अंदाजानुसार जगभर ७० लाखांहून अधिक लोकांनी भाग घेतला. त्यात प्रौढांचाही मोठा भरणा होता.

या संपाची शक्ती कामगारांच्या संपापेक्षा वेगळ्या प्रकारची आहे. कामगार काम थांबवितो, तेव्हा मालकाचे उत्पादन बंद पडते. विद्यार्थी वर्गात गेला नाही, तर तात्काळ नुकसान त्याचे स्वतःचेच होते. म्हणून या संपाचा परिणाम आर्थिक नसून नैतिक आहे. ज्या देशांत शालेय उपस्थिती कायद्याने सक्तीची आहे, तेथे गैरहजेरी ही सविनय कायदेभंगाचीच एक कृती ठरते. काही ठिकाणी गैरहजेरीच्या नोंदी झाल्या व पालकांना दंडाच्या सूचना मिळाल्या. काही शिक्षकांनी व पालकांनी मात्र विद्यार्थ्यांच्या पाठिंब्यासाठी स्वतंत्र मंडळे काढली.

२०२० मध्ये करोना विषाणूच्या साथीमुळे शाळाच बंद झाल्या आणि संपाचे साधन निरुपयोगी ठरले. साथीनंतर निदर्शने पुन्हा सुरू झाली, तरी २०१९ मधील संख्या त्यांना लाभली नाही. आंदोलनाचा एक भाग अधिक तीव्र मार्गांकडे वळला. २०२२ च्या शरद ऋतूत यूरोपातील काही शाळा व विद्यापीठे यांच्या इमारतींत विद्यार्थ्यांनी ठाण मांडले. जानेवारी २०२३ मध्ये जर्मनीतील ल्यूट्सराट या गावाखालील लिग्नाइट काढण्याच्या योजनेला विरोध करणाऱ्यांना पोलिसांनी तेथून हटविले. रस्ते अडविणे, कलासंग्रहालयांतील चित्रांच्या आवरणकाचेवर द्रव फेकणे अशा अन्य गटांच्या कृतींमुळे जनमत दुरावते की प्रश्न चर्चेत राहतो, याविषयी आंदोलनातच मतभेद आहेत. ऑक्टोबर २०२३ नंतर गाझातील युद्धाबाबत भूमिका घेण्यावरून जर्मन शाखा व आंतरराष्ट्रीय गट यांच्यात उघड फूट पडली.

शिक्षणविषयक मागण्या : संपाबरोबर अभ्यासक्रमाचा प्रश्नही पुढे आला. हवामानबदल हा विषय बहुतेक देशांत भूगोल वा विज्ञान यांतील एक पाठ म्हणून शिकविला जात असे. त्याची कारणे सांगितली जात, परंतु त्यामागील आर्थिक हितसंबंध, उत्सर्जनातील विषमता आणि नागरिकाने काय करावे, हे प्रश्न पाठ्यपुस्तकाबाहेर राहत. वैयक्तिक सवयींवर (दिवे बंद करणे, पाणी जपून वापरणे इ.) दिलेला भर सार्वजनिक धोरणावरील लक्ष उडवितो, अशी विद्यार्थ्यांची तक्रार होती. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने २०२० मध्ये सर्व इयत्तांच्या अनेक विषयांत हवामानबदलाचा अंतर्भाव करणारी मानके स्वीकारली. बार्सेलोना विद्यापीठाने २०२२ मध्ये विद्यार्थ्यांनी इमारतीत ठाण मांडल्यानंतर सर्व विद्यार्थ्यांसाठी हवामान-संकटावरील अनिवार्य विषय ठेवण्याचे मान्य केले. भारतात सर्वोच्च न्यायालयाने महेशचंद्र मेहता यांच्या याचिकेवर नोव्हेंबर १९९१ मध्ये पर्यावरणशिक्षण अनिवार्य करण्याचे निर्देश दिले होते व त्यानुसार पुढे हा विषय शाळा-महाविद्यालयांत आला. मात्र अनेक ठिकाणी त्याला प्रकल्पवही व गुणांपुरतेच रूप आले.

हवामान आणि शिक्षण यांचा संबंध गरीब देशांत अधिक थेट आहे. तेथे शाळा सोडणे हा निषेध नसून अनेकदा आपत्तीचा परिणाम असतो. पाकिस्तानात २०२२ च्या महापुरात २६ हजारांहून अधिक शाळांची हानी झाली. संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटा, वादळे, पूर व अवर्षण यांमुळे ८५ देशांतील किमान २४ कोटी २० लाख विद्यार्थ्यांच्या शिक्षणात खंड पडला. यूरोपातील विद्यार्थी भविष्यातील ज्या हानीच्या भीतीने शाळेबाहेर पडले, ती हानी इतरत्र वर्तमानात घडत होती.

जागतिक न्यायाचा प्रश्न : या विसंगतीची जाणीव आंदोलनात उशिरा आली व ती टीकेतून आली. आरंभीच्या मोर्चांत सुशिक्षित मध्यमवर्गीय घरांतील यूरोपीय मुलांचे प्रमाण अधिक होते आणि वृत्तपत्रांचे लक्षही त्यांच्यावरच केंद्रित झाले. युगांडातील व्हॅनेसा नकाटे या तरुणीने जानेवारी २०१९ मध्ये कंपाला येथे संप सुरू केला होता. जानेवारी २०२० मध्ये दाव्होस येथे तिने चार यूरोपीय कार्यकर्त्यांसमवेत घेतलेल्या छायाचित्रातून एका वृत्तसंस्थेने तिला कापून टाकले. या प्रसंगावर जगभर टीका झाली. आफ्रिकेचा आवाज हवामानचर्चेतून कसा वगळला जातो, याचे ते उदाहरण ठरले. त्यानंतर ‘सर्वाधिक बाधित लोक व प्रदेश’ यांना अग्रस्थान देण्याचे धोरण चळवळीने स्वीकारले. कर्जमाफी, नुकसानभरपाई, आदिवासींचे भूमिहक्क हे मुद्दे तिच्या मागण्यांत आले.

श्रीमंत देशांनी २००९ मध्ये कबूल केलेले दरवर्षीचे १०० अब्ज डॉलरांचे साहाय्य २०२० पर्यंत मिळू लागावयाचे होते. ते उद्दिष्ट दोन वर्षे उशिरा, २०२२ मध्ये, गाठले गेले व त्यातील मोठा भाग कर्जरूपात होता. शर्म अल्-शेख येथील २०२२ च्या परिषदेत हानी व नुकसान यांसाठी स्वतंत्र निधी मान्य झाला. लहान बेटराष्ट्रांनी ही मागणी १९९० च्या दशकाच्या आरंभापासून लावून धरली होती. निधी स्थापन झाला, तरी त्यात पैसे भरण्याचे बंधन कोणत्याही देशावर घालण्यात आले नाही.

न्यायालयीन लढे : विद्यार्थी न्यायालयांकडेही वळले. नेदर्लंड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये एका नागरी संघटनेच्या दाव्यात, उत्सर्जन घटविणे हे मानवी हक्कांच्या रक्षणासाठी शासनाचे कर्तव्य आहे, असा निर्णय दिल्याने या मार्गास बळ मिळाले. जर्मनीत लुइझा नॉइबाउअर व इतर तरुणांनी, तसेच बांगला देश व नेपाळ येथील काही रहिवाशांनी केलेल्या तक्रारींवर तेथील संघराज्य घटना-न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये निर्णय दिला. २०३० नंतर उत्सर्जन कसे घटवावयाचे, हे २०१९ च्या कायद्यात सांगितले नसल्याने सारा भार पुढील पिढीवर पडतो व तिचे स्वातंत्र्य आक्रसते. म्हणून तो कायदा अंशतः घटनाबाह्य आहे, असे न्यायालयाने ठरविले. स्वातंत्र्याचा विचार कालाच्या अक्षावर करणारा हा निर्णय महत्त्वाचा मानला जातो. त्यानंतर जर्मनीने कार्बन-तटस्थतेचे वर्ष २०५० वरून २०४५ वर आणले. दक्षिण कोरियाच्या घटना-न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये याच स्वरूपाचा निर्णय दिला. अमेरिकेतील माँटॅना राज्यात १६ मुलांनी व तरुणांनी आणलेल्या दाव्यात २०२३ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला व राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो २०२४ मध्ये कायम केला.

अपयशेही थोडी नाहीत. अमेरिकेच्या संघराज्य शासनाविरुद्ध २१ तरुणांनी २०१५ मध्ये दाखल केलेला दावा जवळजवळ दहा वर्षे चालून पुराव्याच्या सुनावणीविनाच निकालात निघाला. सप्टेंबर २०१९ मध्ये थुनबर्गसह १६ मुलांनी पाच देशांविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीकडे केलेली तक्रार, आधी त्या त्या देशातील न्यायालयांत दाद मागितली नसल्याच्या कारणावरून २०२१ मध्ये अग्राह्य ठरली. तथापि एका देशातील उत्सर्जनामुळे दुसऱ्या देशातील बालकाच्या हक्कांना पोहोचणाऱ्या बाधेबद्दल पहिला देश उत्तरदायी असू शकतो, हे तत्त्व समितीने मान्य केले.

या सर्वांत दूरगामी ठरलेला प्रयत्न पॅसिफिक महासागरातील बेटांवरून झाला. साउथ पॅसिफिक विद्यापीठाच्या व्हानुआतू येथील विधी शाखेतील २७ विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये एका संघटनेची स्थापना केली. हवामानबदलाबाबत राष्ट्रांची कायदेशीर कर्तव्ये कोणती व ती मोडल्यास परिणाम काय, याविषयी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे सल्लागारी मत मागवावे, अशी त्यांची कल्पना होती. त्यांनी पॅसिफिक देशांच्या शासनांना पत्रे पाठविली. व्हानुआतूच्या शासनाने ती उचलून धरली. २९ मार्च २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १३२ राष्ट्रांच्या सहपुरस्काराने तसा ठराव मतदानाविना, सर्वसंमतीने केला. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या सुनावणीत ९६ देश व ११ आंतरराष्ट्रीय संघटना यांनी आपले म्हणणे मांडले. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने एकमताने मत दिले. हवामानाचे रक्षण करण्याचे राष्ट्रांचे कर्तव्य केवळ हवामानविषयक करारांतूनच नव्हे, तर रूढ आंतरराष्ट्रीय कायद्यातूनही उद्भवते. जीवाश्म इंधनांचे उत्पादन, त्यांसाठीचे परवाने व अनुदाने यांबाबत योग्य दक्षता न घेणे हे आंतरराष्ट्रीय अपकृत्य ठरू शकते. आणि हानीशी पुरेसा कार्यकारणसंबंध सिद्ध झाल्यास भरपाई देणे लागते, असे त्यात म्हटले आहे. हे मत बंधनकारक नाही; परंतु नंतरच्या दाव्यांत त्याचा आधार घेता येतो. वर्गातील अभ्यासविषयातून निघालेला प्रश्न सहा वर्षांत जागतिक न्यायपीठापर्यंत पोहोचला.

भारतातील आंदोलन : भारतात २०१९ मध्ये दिल्ली, मुंबई, पुणे, बंगळूरू इ. शहरांतील विद्यार्थी संपात सहभागी झाले. त्यांचे स्वरूप प्रामुख्याने नागरी होते. येथे त्यास स्थानिक प्रश्नांची जोड मिळाली. मुंबईतील आरे वसाहतीत मेट्रो रेल्वेच्या डब्यांच्या आगारासाठी होणारी वृक्षतोड हा त्यांपैकी प्रमुख. मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०१९ रोजी विरोधी याचिका फेटाळल्यावर त्याच रात्री तोड सुरू झाली. तीस विरोध करणाऱ्या २९ जणांना अटक झाली व त्यांत विद्यार्थीही होते. विधी शाखेच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना पाठविलेल्या पत्रालाच याचिका मानून सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर रोजी पुढील तोडीस मनाई केली. तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. कारशेड २०२० मध्ये अन्यत्र नेण्याचे ठरले व २०२२ मध्ये शासन बदलल्यावर ते पुन्हा आरे येथेच आणण्यात आले. मेट्रोमुळे मोटारींचा धूर कमी होतो, हा शासनाचा युक्तिवाद आणि शहरातील वनराई व तेथील आदिवासी पाडे वाचले पाहिजेत, हा आंदोलकांचा आग्रह. दोन्ही हवामानाच्याच नावाने केले गेले, हे या वादाचे विशेष होय.

उत्तराखंडातील रिद्धिमा पांडे हिने वयाच्या नवव्या वर्षी, २०१७ मध्ये, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे केलेला अर्ज २०१९ मध्ये निकालात काढण्यात आला. पर्यावरण-परिणाम मूल्यांकनाच्या मसुद्यावर हरकती नोंदविणारी पत्रे पर्यावरणमंत्र्यांकडे मोठ्या संख्येने पाठविल्यावरून जुलै २०२० मध्ये चळवळीचे भारतीय संकेतस्थळ बंद करण्यात आले; त्या वेळी दिल्ली पोलिसांनी प्रथम दहशतवादविरोधी कायद्याखाली काढलेली नोटीस नंतर मागे घेतली. फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनास पाठिंबा देणाऱ्या एका दस्तऐवजाच्या संदर्भात बंगळूरूच्या दिशा रवी हिला राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली. दिल्लीच्या सत्र न्यायालयाने पुरावा अत्यल्प असल्याचे नमूद करून, शासनाशी मतभेद असणे हा गुन्हा नव्हे, अशा आशयाच्या विवेचनासह तिला दहा दिवसांनी जामीन दिला. या घटनांनंतर अनेक शहरांतील गटांचे कार्य मंदावले. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्ष्यासंबंधीच्या खटल्यात, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क राज्यघटनेच्या १४ व २१ या अनुच्छेदांत अनुस्यूत आहे, असे प्रतिपादन केले.

भारतीय विद्यार्थ्यांपुढील वैचारिक पेच यूरोपीय विद्यार्थ्यांहून निराळा आहे. दरडोई उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी असलेल्या देशात ‘कोळसा बंद करा’ ही मागणी विजेची गरज असणाऱ्यांच्या विरोधात जाऊ शकते. उलट, उष्णतेच्या लाटा व अवकाळी पाऊस यांचा पहिला तडाखा त्याच लोकांना बसतो. भारत शासनाने हेग येथील सुनावणीत श्रीमंत देशांच्या ऐतिहासिक जबाबदारीवर भर दिला. मात्र विद्यमान करारांपलीकडे नवी बंधने न्यायालयाने निर्माण करू नयेत, अशीही भूमिका घेतली. देशादेशांतील न्याय व देशांतर्गत न्याय यांची सांगड कशी घालावयाची, हा प्रश्न म्हणूनच खुला राहिला आहे.

मूल्यमापन : आंदोलनाच्या यशापयशाविषयी एकमत नाही. २०१९ पासून ब्रिटन, आयर्लंड इ. देशांच्या संसदांनी हवामान-आणीबाणी घोषित केली व यूरोपीय संघाने २०२१ मध्ये हवामानविषयक कायदा केला; या बदलांना विद्यार्थ्यांच्या दडपणाने गती मिळाली, असे सामान्यतः मानले जाते. परंतु जागतिक उत्सर्जन साथीच्या वर्षाचा अपवाद सोडता वाढतच गेले. २०२४ हे वर्ष तापमानवाढ १·५° से. च्या वर गेल्याचे पहिले वर्ष ठरले, तर २०२५ मध्ये अमेरिकेने पॅरिस करारातून दुसऱ्यांदा बाहेर पडण्याचे जाहीर केले. मुलांच्या भीतीचे राजकीय भांडवल केले जाते, अशी टीका एका बाजूने होते. नैतिक आवाहनांनी तेल-कोळशाचे अर्थकारण बदलत नाही व संघटित कामगारांच्या साथीविना हे आंदोलन अपुरे आहे, असे डावे टीकाकार म्हणतात.

या आंदोलनाचा टिकाऊ परिणाम उत्सर्जनाच्या आकड्यांपेक्षा कायद्यात व सार्वजनिक विचारात अधिक आढळतो. हवामानबदल ही निसर्गाची आपत्ती नसून तीत कर्ता, लाभार्थी व बाधित असे पक्ष आहेत; त्यांतील एक पक्ष अजून मतदार नाही वा जन्मालाही आलेला नाही; आणि तरीही त्याला हक्क आहेत, ही मांडणी २०१५ पूर्वी मुख्यतः विद्वानांच्या ग्रंथांत होती. तिला न्यायनिर्णयांत स्थान मिळवून देण्यात विद्यार्थ्यांचा वाटा मोठा आहे. त्या निर्णयांची अंमलबजावणी मात्र शासनांच्या हाती असून, संप करणारी पिढी आता मतदार झाल्यावर ती कोणत्या मार्गाने करवून घेतली जाते, यावर आंदोलनाचे पुढील स्वरूप अवलंबून राहील.